रंजिताच्या लेकीचं नाव

बारसं व्हायच्या आधीच पोरीचं नाव गल्लीभर झालं होतं. कौशल्याबाईंचा कारभारच तसा. दूधवाल्यापासून हायवेवरच्या टायरवाल्यापर्यंत ज्यानं विचारलं त्याला, आणि ज्यानं नाही विचारलं त्यालाही, त्या सांगत सुटल्या होत्या, "आमची रुची परत आली."

रुची म्हणजे त्यांच्या थोरल्या धर्मेंद्रची रुचिका. गेल्याच्या गेल्या वर्षी, पाच वर्षांची होऊन, तापात गेली. आता धाकट्या कुंदनच्या बायकोला, रंजिताला मुलगी झाली होती. पाचवीच्या दिवशी कौशल्याबाईंना बाळाच्या कानामागे तीळ दिसला आणि त्यांनी तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला. रुचीचा तीळ कानामागे नव्हता, गळ्यावर होता. पण एवढ्यातेवढ्याकडे पाहायला कौशल्याबाईंना सवड नव्हती.

रुचीची आई हर्षा हे सगळं ऐकत पोळ्या लाटत होती. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं, सगळ्यांत जास्त आनंद हिलाच व्हायला हवा. त्या आनंदाची वाट पाहत सासू दिवसातून चारदा तिच्या तोंडाकडे बघून जायची. हर्षा पोळी उलटायची आणि पुढची लाटायला घ्यायची.

तिचं दुखणं वेगळंच होतं. मेलेलं माणूस कुणाच्या तरी पोटी परत येतं, हे या घरात वरणभातासारखं रोजचं होतं. रुची गेली तेव्हा सगळ्यांनी तिची याच एका गोष्टीवर समजूत घातली. ती समजूत हर्षाच्या अंगावर आली. लाखनीच्या बसस्टँडवर कुणाच्या कडेवर तान्हं मूल दिसलं की तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. हीच असेल का? दुसरीला आई म्हणत असेल का? एकदा तर साकोलीच्या गाडीत ती एका अनोळखी बाईच्या मांडीवरच्या बाळाकडे इतकी टक लावून बसली, की त्या बाईनं पदर ओढून बाळ झाकलं. त्या दिवशी घरी येऊन हर्षा खूप रडली. पोर गेली ती गेली, वर जगातल्या सगळ्या आयांची तिला भीती वाटायला लागली होती.

आणि मग पावसाळ्यात ताराबाई भेटल्या. टायरच्या दुकानामागं टिनाच्या हॉलमध्ये रविवारी प्रार्थना चालायची. तिथले पास्टर श्यामराव, त्यांची ही बायको, घरी शिवणकाम करायची. ब्लाउज शिवायला टाकताना हर्षा त्यांच्यासमोर अशीच रडली, आणि ताराबाई शिलाई थांबवून म्हणाल्या होत्या, "तुमची पोट्टी प्रभूजवळ हाय, ताई. तिच्याच नावानं हाय. तुमाले भेटन ती."

तिच्याच नावानं. हे दोन शब्द हर्षानं घरी नेले आणि उशाशी घेऊन झोपली. पुढच्या रविवारी ती हॉलमध्ये जाऊन मागच्या सतरंजीवर बसली, आणि मग जातच राहिली. लोकांनी आपापल्या परीनं कारणं शोधली. कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणालं कुणीतरी भुलवलं. धर्मेंद्रनं काहीच विचारलं नाही. पोर गेल्यापासून त्यानं कुणालाच काही विचारणं सोडलं होतं. कौशल्याबाईंनी एकदा जोरात भांडून पाहिलं आणि मग मूग गिळले. पण बाळंतिणीच्या खोलीतून पहिलं रडणं ऐकू आलं, तसं हर्षानं मनाशी ठरवलं, आणि बारशाआधीच्या रविवारी श्यामरावांना जाऊन सांगितलं, मला बाप्तिस्मा पाहिजे, आणि तो लवकर पाहिजे.

श्यामराव पूर्वी ट्रक चालवायचे. बोलणं अजूनही उतारावरच्या गाडीसारखं, जपून.

"काहून पाह्यजे, हर्षाताई?"

"मले रुची भेटली पाह्यजे."

"अन् प्रभू?"

"ते तं भेटतीनच ना. तिथंच राह्यतेत."

श्यामराव हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसले. "म्हंजे घरमालकाशी तुमाले काम नाई. आत राह्यते तिच्याशी काम हाय."

"तुमच्या ताराबाईनंच सांगतलं होतं."

"खोटं नाई सांगतलं तिनं. पन मी एक विचारतो, रागवू नोका. समजा देव म्हनला, पोट्टीचं मी पाहून घेतो, तू तिचं नाव काढू नको, नुसती माह्याजवळ बस. तं बसान का?"

हर्षा उठली. चपला पायात न घालता हातात घेऊनच हॉलच्या बाहेर पडली आणि रस्ता ओलांडल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. तिला संताप आला होता. सासू म्हणते पोर जावेची, आणि हा देव म्हणतो पोरीचं नाव काढू नको. मग आईनं जायचं कुठं?

त्या रविवारनंतर तीनच दिवसांनी बारसं होतं.

सकाळी हर्षा कोमट तेलाची वाटी घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेली. रंजिता बाळाला पाजत बसली होती. तिची आई करडीहून आली होती आणि अंगणात शेजारणींशी बोलत होती, तेवढा एकांत होता.

"ताई, दार लोटून घ्या ना," रंजिता म्हणाली. हर्षानं दार लोटलं. "तुमाले राग येईन, पन बोलतो. भासरे, तुमचे धनी, रोज येतेत दारात. आत नाई येत. बाहेरूनच विचारतेत, रुची उठली का, रुची प्याली का. काल पैंजन आनून ठेवले उंबऱ्यावर. कोनाचे हायेत, मी पाह्यल्याबरोबर ओळखले."

हर्षाला पैंजण ठाऊक होते. कपाटातून कधी निघाले, ते मात्र ठाऊक नव्हतं.

"माह्यी आई आली, तं आईनं, म्हंजे आपल्या सासूबाईनं, तिले काय सांगतलं मालूम हाय? म्हने, तुमची नात नोहे हे, आमचीच पोट्टी हाय, फक्त तुमच्या पोट्टीच्या पोटातून आली. जशी काई मी बस हावो अन् ती उतरली." रंजितानं बाळाचं दुपटं सारखं केलं. "नऊ महिने कोनाले ठेवलं मी पोटात? हिचं नाक कोनावर गेलं, हेबी कोनी बोलत नाई. बोलतेत ते रुचीचंच."

हर्षाला आधी बरं वाटलं. आपल्या बाजूला कुणीतरी आलं म्हणून बरं वाटलं. आणि लगेच लाज वाटली. पाचवीपासून ती 'हे नाव नको' म्हणून आतल्या आत भांडत होती, ते काही या बाळासाठी नव्हतं. बाळाला तिनं अजून धड पाहिलंही नव्हतं. नाळेच्या दोऱ्यापासून तेलपाण्यापर्यंत सगळं तिच्या हातून झालं होतं, पण नजर प्रत्येक वेळी तिनं भलतीकडेच ठेवली होती.

तिनं आता पाहिलं. आणि पाहता पाहता तिचं मन फितूर झालं. ते रुची शोधायला लागलं. भुवई तशी आहे का? झोपेत ओठ तसे हलतात का? कुठंतरी, थोडीशी, नखाएवढी तरी? तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. बाळाची हनुवटी रंजिताची होती, मधोमध खळी पडलेली. रुचीच्या हनुवटीला खळी नव्हती.

"तुह्यावर गेली," हर्षा म्हणाली. "हनवटी सारी तुही."

रंजिता रडायला लागली. "बारा दिवसांत तुमी पह्यल्या, ताई, असं बोलनाऱ्या."

"तू काय नाव काढलं होतं मनात?"

"मृणाल. आमच्या शाळेत बाई होत्या. लय मायेनं शिकवत होत्या. पन आता कोन आयकते? कुंदन म्हन्ते, आईसमोर मी नाई बोलत."

दुपारी बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. कुंदनला बहीण नव्हती, त्यामुळं कानात नाव सांगायला आत्याच नव्हती. तो मान कौशल्याबाईंनी थोरल्या काकूला, हर्षालाच दिला होता.

"आईच्याच तोंडून जाऊ दे तिच्या कानात," त्या हर्षाचा हात धरून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. कौशल्याबाई आगाऊ होत्या, पण खोट्या नव्हत्या. नातीच्या आठवणीनं त्यांनीही कित्येक रात्री उंबऱ्यावर बसून काढल्या होत्या.

"आई, ते रुची नोहे."

कौशल्याबाईंनी तिचा हात सोडला.

"तुह्या त्या टिनातल्या लोकाईनं सांगतलं का असं?"

"त्याईनं काई नाई सांगतलं. मी सांगून राहिली."

"मंग दानेच सांगतीन," कौशल्याबाई म्हणाल्या. "आना वं वाटी."

ही त्या घरची जुनी रीत. काशाच्या वाटीत पाणी घ्यायचं, तांदळाचे दोन हलके दाणे पाण्यावर सोडायचे आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. दाणे तरंगत एकमेकांना चिकटले, की तेच माणूस परत आलं असं समजायचं. घरातलं दर तिसरं-चौथं मूल तरी असं कुणाचं ना कुणाचं ठरलेलं होतं.

वाटी आली. रंजिता पाळण्याची दोरी घट्ट धरून बसली होती. धर्मेंद्र पुरुषांतून उठून दारात येऊन उभा राहिला. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष येत नाहीत, पण त्याला कुणी हटकलं नाही.

कौशल्याबाईंनी दाणे सोडले आणि म्हटलं, "रुचिका."

दाणे पाण्यावर जरा वेळ लांब लांब फिरले. मग एक कडेला गेला, वळला, दुसऱ्याच्या जवळ आला, आणि दोघं चिकटले. खोलीभर "हाव, हाव" झालं. कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. दारातून हुंदका आला, तो धर्मेंद्रचा होता.

हर्षा वाटीकडे बघत राहिली. हलके दाणे पाण्यावर सोडले की ते जवळ येतातच. दिघोरीला माहेरी धान धुताना वर आलेला पोचा दाणा तिनं लहानपणापासून बघितला होता, बादलीत तो नेहमी घोळक्यानंच असायचा. हे ती आता सगळ्यांना सांगू शकली असती. शब्द ओठावर आले होते. आणि त्याच वेळी तिला आपला स्वतःचा एक पराक्रम आठवला.

गेल्या महिन्यात, हॉलमध्ये कुणी नसताना, तिनं डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं होतं आणि एका ओळीवर बोट ठेवलं होतं. मनात म्हटलं होतं, रुची तुझ्याजवळ असेल तर आत्ता सांग. डोळे उघडून पाहिलं तर बोटाखाली कुठल्याशा भिंतीची लांबीरुंदी निघाली, इतके हात लांब आणि इतके हात उंच. दुसरी एखादी असती तर हसली असती. हर्षानं ठरवून टाकलं होतं, की हे रुचीसाठी तिथं घर बांधून तयार असल्याचं चिन्ह आहे. चार दिवस ती त्या भिंतीवर जगली होती.

सासूनं तरी वाटी घेतली होती. आपण देवालाच वाटी केलं. त्यात काय आहे, तो कोण आहे, आपल्याला कधी पाहायचंच नव्हतं. फक्त दाणे जुळायला हवे होते. तिला श्यामरावांचा राग आता आठवेना.

"बोल, हर्षा," कौशल्याबाई म्हणाल्या. "वेळ जाऊन राहिली."

"थांबा जराशे."

आवाज आतल्या खोलीतून आला. हातमागावरून उठून सासरे नंदलाल दाराशी आले होते. घरात काय चाललंय याचा पत्ता नसल्यासारखं कोशाचं रेशमी कापड विणत बसणारा हा माणूस, त्यानं मध्ये तोंड घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"मी नंदलाल," ते म्हणाले.

"हे कायले सांगता? आमाले मालूम नाई का?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"माह्या बापाचा आजा नंदलाल. मी झालो तं दाने जुळले. मंग मी आजा झालो. बाप मले कधी मारत नोहता. लोकं म्हनत, नशीबवान हाय पोट्टा." नंदलाल बोलता बोलता थांबले, त्यांना इतकं बोलायची सवय नव्हती. "मारत नोहता, तसा कडेवरबी घेत नोहता. सकाळी उठला का माह्या पाया पडत होता. बाकीच्या भावाईले खांद्यावर बसवून जत्रेले नेलं, मले नाई नेलं. आज्याले खांद्यावर कसं बसवन? मले लय वाटे, एकडाव तरी मले नुसतं पोट्टा म्हून घ्यावं. मेला बाप, पन नाई घेतलं."

एवढं बोलून ते परत मागावर जाऊन बसले. मागावर फिरणाऱ्या धोट्याचा आवाज मात्र आला नाही.

कौशल्याबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना हे नवऱ्यानं सांगितलं नव्हतं.

हर्षा पाळण्यापाशी गेली आणि वाकली. बाळाचा कान ऊबदार होता, त्याला दुधाचा वास होता. रुची हे नाव तिच्या जिभेवर येऊन बसलं. दोन वर्षांत तिनं त्या नावानं कुणाला हाक मारली नव्हती. आत्ता एकदा उच्चारलं, की दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला त्याची लेक मिळणार होती. घर शांत होणार होतं. भिंतीपलीकडं रोज रात्री कुणीतरी तिच्या रुचीला जोजवणार होतं. एक शब्दच तर होता. तिला तो फार हवा होता.

तिनं डोळे मिटले. देवा, असं म्हणाली, आणि पुढं काही मागायचं सुचलंच नाही. नुसतंच ते एक, देवा. तसं कुणीतरी जवळ येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

"मृणाल," ती बाळाच्या कानात म्हणाली. मग सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मृणाल. रंजिताची पोट्टी."

गलका झाला. कौशल्याबाई "दाने जुळले होते, दाने जुळले होते" म्हणत खाली बसल्या, पण त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता, हरवल्यासारखा होता. त्या पुन्हा पुन्हा मागाच्या खोलीकडं बघत होत्या. आईसमोर न बोलणारा कुंदन पेढ्यांचं ताट उचलून बायकांपुढं आला आणि म्हणाला, "घ्या, मृणालचे पेढे घ्या." रंजितानं बाळाला उचलून इतकं घट्ट धरलं की तिच्या आईला म्हणावं लागलं, हळू वं. हर्षानं दाराकडं पाहिलं. धर्मेंद्र तिथं नव्हता.

तो तिला दिवेलागणीला सापडला. परसात, बोरिंगच्या ओट्यावर बसला होता. हातात पैंजण होते.

"तू तिले दारातून परत पाठवली," तो म्हणाला.

हर्षानं हातानं ओटा झटकला. ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा खांदा हलायला लागला आणि मग तिचाही. पोर गेली तेव्हासुद्धा ती दोघं एका जागी बसून रडली नव्हती. तेव्हा त्याला बायकांनी बाहेर बसवलं होतं, आणि तिला आत.

"हर्षा," तो डोळे पुसत म्हणाला, "त्या रविवारच्या ठिकानी मी आलो तं चालन?"

या एका वाक्यासाठी तिनं पावसाळ्यापासून वाट पाहिली होती. सतरंजीवर शेजारची जागा ती दर रविवारी रिकामी ठेवून बसायची.

"कायले येता?"

"तू म्हन्तेस ना, ते तिथं हाय. मले एकडाव पाह्यची हाय. तुह्या देवाले काय लागते ते सांग, मी करतो."

तिचंच बोलणं तिच्या नवऱ्याच्या तोंडून बाहेर आलं होतं. या, एवढंच म्हटलं असतं तरी तो आला असता. पण ताराबाईंनी तिला जे उशाशी दिलं, ते जसंच्या तसं याच्या उशाशी ठेवायला तिचं मन होईना.

"या ना," ती म्हणाली. "पन श्यामरावभाऊ विचारतीन, काहून आले म्हून. मलेबी विचारलं होतं."

"मंग तू काय सांगतलं?"

"काई नाई सांगतलं. रागानं उठून आली."

आत बाळ रडलं. रंजिताच्या आईचा आवाज आला, मृणाल, उगी, मृणाल. धर्मेंद्रनं ते ऐकलं आणि मान दुसरीकडं वळवली. हर्षानंही ऐकलं. दुखलं, फार दुखलं. पण पाळण्यावर वाकताना जे कुणीतरी जवळ आल्यासारखं वाटलं होतं, ते अजून गेलं नव्हतं. त्याला रुचीचा चेहरा नव्हता. कुणाचाच नव्हता. तरी ते जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि आपल्याला असं वाटतंय याचंच तिला नवल वाटत होतं.

"अन् या रविवारी विचारलं तं?" धर्मेंद्र म्हणाला. "काय सांगशीन?"

हर्षानं पदरानं तोंड पुसलं.

"सांगन, पोट्टी मागाले आली होती. ते मागनं अजून सुटलं नाई. पन आता देवानं नाई म्हनलं, तरी त्याच्याजवळून उठावंसं वाटत नाई."